घराआधी परिसर : सुरक्षितता आणि मूल्य यांची पारख

घराची खरेदी हा बहुसंख्य भारतीय कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक निर्णय असतो. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ८६.६ टक्के कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होती. नागरी भागात हे प्रमाण ६९.२ टक्के होते. या निर्णयामागे अनेक वर्षांची बचत आणि पुढील पंधरा-वीस वर्षांचे कर्ज उभे असते. तरीही खरेदीच्या वेळी सर्वाधिक चर्चा होते ती खोल्यांची संख्या, फरशी आणि स्वयंपाकघराची रचना यांचीच. वास्तविक या सर्व बाबी नंतर बदलता येतात. घराची जागा मात्र बदलता येत नाही. पाणी कोठून येते, पावसाचे पाणी कोठे साचते, समोरच्या मोकळ्या जागेवर उद्या काय उभे राहणार आहे आणि रात्री दहानंतर रस्ता चालता राहतो की ओस पडतो, यांवरच घराची सुरक्षितता आणि त्याचे मूल्य अवलंबून असते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ‘माहितीची विषमता’ ही संकल्पना मांडली. विकणाऱ्यास वस्तूचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्यास नसतात. अशा बाजारात किंमत ही गुणवत्तेची विश्वासार्ह खूण राहत नाही. या मांडणीसाठी २००१ मध्ये त्यांना अन्य दोघांसमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरांच्या बाजारात ही विषमता विशेष तीव्र असते. मात्र येथे एक महत्त्वाचा फरक आहे. घराच्या आतील दोष विकणाऱ्याकडेच दडलेले असू शकतात; परिसराचे दोष बहुधा कोणत्या ना कोणत्या सार्वजनिक नोंदीत आधीच लिहिलेले असतात. त्या नोंदी कोणत्या, त्या कोठे मिळतात आणि त्यांच्या मर्यादा कोणत्या, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदा काय देतो आणि कोठे थांबतो

स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा मूळ कायदा म्हणजे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२. या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार, घेणाऱ्यास सर्वसाधारण काळजी घेऊनही कळू शकणार नाही असा मालमत्तेतील किंवा मालकीहक्कातील महत्त्वाचा दोष उघड करणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. या तरतुदीतील ‘सर्वसाधारण काळजी’ हे शब्द लक्षात घेण्याजोगे आहेत. घरामागे वाहणारा नाला, जवळचा रासायनिक कारखाना किंवा विकास आराखड्यातील रस्ता या बाबी चौकशी करणाऱ्यास कळू शकतात. म्हणजेच परिसराचा दोष हा कायद्याच्या दृष्टीने बहुधा ‘कळू शकणारा’ दोष ठरतो आणि तो शोधण्याचा भार घेणाऱ्यावर येतो.

नोंदणी अधिनियम, १९०८ या दिशेने घेणाऱ्याच्या हाती एक साधन देतो. कलम १७ अन्वये शंभर रुपये व त्याहून अधिक मूल्याच्या स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणाच्या दस्तांची नोंदणी सक्तीची आहे, तर कलम ५७ अन्वये स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे पुस्तक आणि त्याची सूची शुल्क भरून कोणीही पाहू शकतो. पूर्वीचे व्यवहार, गहाण आणि बोजे यांचा मागोवा त्यातून लागतो. साधारणतः तीस वर्षांच्या नोंदी तपासण्याचा प्रघात आहे.

स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच रेरा, याने नव्या प्रकल्पांबाबत मोठा बदल घडवला. त्यातील काही तरतुदी १ मे २०१६ पासून आणि उर्वरित १ मे २०१७ पासून लागू झाल्या. प्रकल्पाची नोंदणी, घेणाऱ्यांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक खात्यात ठेवणे, लेखी करारापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम न घेणे आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आलेले संरचनात्मक दोष विनामूल्य दूर करणे या त्यातील प्रमुख तरतुदी होत. खोट्या जाहिरातीवर विसंबून नुकसान झाल्यास भरपाईची तरतूदही आहे. प्रवर्तकास मंजूर आराखडे, परवानग्या, बोजे आणि जमिनीच्या सीमाबिंदूंचे अक्षांश-रेखांशही प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर द्यावे लागतात.

परंतु माहितीचे हे दायित्व मुख्यतः त्या सीमाबिंदूंच्या आत असलेल्या प्रकल्पाचे आहे. कुंपणापलीकडील पूररेषा, हवा, रहदारी किंवा गुन्हेगारी याविषयी प्रवर्तकाने माहिती द्यावी अशी अपेक्षा अधिनियमात नाही. शिवाय ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना केंद्रीय अधिनियमात नोंदणीतून सूट आहे आणि दोन व्यक्तींमधील जुन्या घराच्या पुनर्विक्रीस नोंदणीची ही चौकट लागू होत नाही. येथून पुढचे काम घेणाऱ्याचे आहे.

जमिनीचा स्वभाव : पूर, भूकंप आणि उतार

परिसराच्या सुरक्षिततेचा पहिला निकष म्हणजे जमीन. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईतील सांताक्रूझ केंद्रावर २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाबा केंद्रावर सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस पडला. एकाच महानगरातील दोन वस्त्यांचा अनुभव किती भिन्न असू शकतो, हे या दोन आकड्यांवरून दिसते. मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांना पाण्याचा सर्वाधिक फटका बसला, कारण नदीचे पात्र भराव आणि बांधकामे यांमुळे आक्रसले होते.

डिसेंबर २०१५ च्या पुरात चेन्नईतील अड्यार नदीकाठ आणि पल्लीकरणै पाणथळीच्या भोवती वाढलेले वेलाचेरीसारखे भाग जलमय झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळूरूच्या पूर्व भागातील अत्यंत महागड्या बंगल्यांच्या वसाहतीत पाणी शिरले आणि रहिवाशांना बाहेर काढण्यासाठी नावा व ट्रॅक्टर वापरावे लागले. तेथील तलावांना एकमेकांशी जोडणारे ‘राजकालुवे’ नावाचे मोठे नाले अतिक्रमणांमुळे अरुंद झाले होते. किंमत जास्त म्हणजे जागा सुरक्षित, हा समज किती फसवा आहे, हे या घटनेने स्पष्ट झाले.

महाराष्ट्रात नद्यांच्या काठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा साधारणतः २५ वर्षांतून एकदा, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची पातळी दर्शवते. ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ शंभर वर्षांनीच पूर येईल असा नव्हे. कोणत्याही वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का आहे, असा होय. तीस वर्षांच्या वास्तव्यात ही शक्यता सुमारे २६ टक्के होते.

भूकंपाबाबतही नकाशा उपयुक्त असला तरी तो अंतिम शब्द नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात विनाशकारी भूकंप झाला तेव्हा तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात गणला जात होता. भारतीय मानकाच्या २००२ मधील सुधारणेत हे क्षेत्रच रद्द करण्यात आले. २६ जानेवारी २००१ च्या भूज भूकंपात केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. त्यांपैकी अनेकांच्या तळमजल्यावर वाहनांसाठी भिंतीविना केवळ खांब उभे होते. म्हणून भूकंपक्षेत्राबरोबरच इमारतीचा तळमजला आणि संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र हेही पाहणे आवश्यक ठरते.

डोंगराळ प्रदेशातील जोशीमठचे उदाहरण अधिक बोलके आहे. हे नगर जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसले असून तेथे अवजड बांधकामांवर निर्बंध असावेत, असा इशारा मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. जानेवारी २०२३ मध्ये तेथील शेकडो घरांना तडे गेले आणि कुटुंबांना स्थलांतर करावे लागले. इशारा आणि आपत्ती यांमध्ये ४६ वर्षांचे अंतर होते. या काळात तेथे घर बांधणाऱ्या कुटुंबापर्यंत तो अहवाल पोहोचावा, अशी व्यवस्था नव्हती.

भूकंप, वादळ, पूर आणि दरडी यांची जिल्हावार माहिती ‘भारताचा असुरक्षितता नकाशासंग्रह’ या प्रकाशनात मिळते. बांधकाम साहित्य व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेने तो प्रथम १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. २००६ व २०१९ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. इस्रोच्या ‘भुवन’ या भू-संकेतस्थळावर उपग्रह प्रतिमा पाहता येतात. तथापि स्थानिक पातळीवर जुन्या रहिवाशांची आठवण आणि भिंतींवरील पाण्याच्या खुणा यांचे महत्त्व कमी होत नाही. शक्य असल्यास पावसाळ्यात जागेला भेट द्यावी, हा साधा नियम अनेक नकाशांइतकाच उपयोगी आहे.

विकास आराखडा : उद्याचा शेजार

आजची मोकळी जागा उद्या उद्यान होणार की कचरा संक्रमण केंद्र, हे विकास आराखडा सांगतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतील पहिलाच विषय ‘नगर नियोजनासह नागरी नियोजन’ हा आहे. महाराष्ट्रात प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये, तर दिल्लीत १९५७ मध्ये स्थापन झालेल्या विकास प्राधिकरणामार्फत आराखडे तयार होतात. नियोजन प्राधिकरणाकडून जागेचा झोन दाखला घेतल्यास निवासी, औद्योगिक, हरित इत्यादी वापर आणि तीवरील आरक्षण यांचा उलगडा होतो.

काही निर्बंध आराखड्याबाहेरील कायद्यांतून येतात. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित आहे. विमानतळाजवळ इमारतीच्या उंचीवर, तर लष्करी आस्थापनांजवळ बांधकामावर मर्यादा येते. समुद्र आणि खाडीकिनाऱ्यावर सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना लागू होते. ती प्रथम १९९१ मध्ये निघाली आणि २०११ व २०१९ मध्ये नव्याने जारी झाली.

या नियमांकडे दुर्लक्ष झाल्यास काय घडते, हे केरळमधील मरडू येथे देशाने पाहिले. कोचीजवळील या गावात स्थानिक पंचायतीच्या परवानगीने बहुमजली निवासी संकुले उभी राहिली. मात्र ती किनारा नियमनाचे उल्लंघन करणारी ठरली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१९ मध्ये ती पाडण्याचा आदेश दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० रोजी चार संकुले नियंत्रित स्फोटाने जमीनदोस्त करण्यात आली. न्यायालयाने सदनिकाधारकांना प्रत्येकी २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई देण्याचे निर्देश दिले. परंतु तीनशेहून अधिक सदनिकांतील कुटुंबांचे घर गेले. स्थानिक संस्थेची परवानगी हा सुरक्षिततेचा एकमेव पुरावा नव्हे, हा या प्रकरणाचा धडा होय. नोएडातील दोन मनोऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी दिलेल्या आणि २८ ऑगस्ट २०२२ रोजी अंमलात आलेल्या आदेशाने हाच धडा अधोरेखित केला.

अनधिकृत वसाहतींचा प्रश्न याहून व्यापक आहे. कुलमुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या ‘विक्री’मुळे मालकीहक्क हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सुरज लॅम्प प्रकरणात ऑक्टोबर २०११ मध्ये स्पष्ट केले. तरीही स्वस्त घराच्या शोधातील लाखो कुटुंबे असेच व्यवहार करत आली. अखेर २०१९ मध्ये संसदेने विशेष अधिनियम संमत करून दिल्लीतील १,७३१ अनधिकृत वसाहतींतील रहिवाशांचे मालमत्ता हक्क मान्य करण्याचा मार्ग खुला केला. अशी सवलत मिळेलच, या आशेवर केलेली खरेदी मात्र जोखमीचीच राहते.

हवा, आवाज, पाणी आणि शेजारचा कारखाना

७ मे २०२० रोजी विशाखापट्टणम येथील रासायनिक कारखान्यातून स्टायरीन वायूची गळती झाली. हा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला होता. वस्ती पुढे त्याच्या कुंपणापर्यंत येऊन पोहोचली. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर झालेल्या १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार, मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या उद्योगाने बाधित होऊ शकणाऱ्या परिसरातील लोकांना धोक्याची आणि सुरक्षिततेच्या उपायांची माहिती देणे बंधनकारक आहे. घर घेणाऱ्याने ही माहिती जिल्हा प्रशासनाकडे मागावी. ती न मिळाल्यास माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज करता येतो आणि त्यास सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित आहे.

ध्वनीबाबत २००० च्या नियमांनी निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरवली आहे. व्यापारी क्षेत्रासाठी ती अनुक्रमे ६५ व ५५ आहे. हवेसाठी २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी मर्यादा प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅम आहे. पाण्यासाठी आयएस १०५०० हे मानक असून एकूण विद्राव्य क्षारांची स्वीकार्य मर्यादा प्रति लिटर ५०० मिलिग्रॅम, तर अन्य स्रोत नसल्यास २,००० मिलिग्रॅम आहे. इमारतीला नळजोडणी मिळालेली आहे की ती कूपनलिका आणि टँकर यांवर विसंबून आहे, हा प्रश्न मात्र मानकांच्याही आधी विचारावयाचा असतो.

गुन्हेगारीचे आकडे कसे वाचावेत

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग ‘भारतातील गुन्हे’ हा अहवाल प्रसिद्ध करतो. त्यात दर लाख लोकसंख्येमागील नोंदलेल्या गुन्ह्यांचा दर आणि वीस लाखांहून अधिक लोकसंख्येच्या १९ महानगरांची स्वतंत्र आकडेवारी असते. तथापि गुन्ह्यांतील वाढ आणि गुन्हे नोंदवण्यातील वाढ या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे हा विभाग स्वतःच सांगतो. ज्या पोलीस ठाण्यात तक्रार सहज नोंदवली जाते तेथील आकडा मोठा दिसू शकतो. शिवाय शहराची सरासरी एका गल्लीविषयी काहीच सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१६ च्या निर्देशांनुसार, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्रथम माहिती अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात. त्यामुळे ठाणेनिहाय चित्र काही प्रमाणात पाहता येते.

आकड्यांइतकीच महत्त्वाची असते ती रस्त्याची स्थिती. १९६१ मध्ये अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनी असे प्रतिपादन केले की, दुकाने, उंबरठे आणि खिडक्या यांतून लोकांची नजर असलेला रस्ता सुरक्षित राहतो. भारतात महिलांच्या सुरक्षिततेच्या पाहणीत दिवाबत्ती, पदपथ, सार्वजनिक वाहतूक, रस्त्यावरील वर्दळ आणि त्यातील महिलांचे प्रमाण हे निकष वापरले गेले आहेत. उंच भिंतींनी वेढलेले संकुल आतून सुरक्षित असले तरी त्याच्या बाहेरचा निर्जन रस्ता तसा नसतो. बस थांब्यापासून घरापर्यंतचे अंतर रात्री नऊ वाजता चालून पाहिल्यास कोणत्याही अहवालापेक्षा अधिक कळते.

मूल्य : किमतीत काय काय दडलेले असते

अर्थशास्त्रज्ञ शेरविन रोझेन यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, घरासारख्या वस्तूची किंमत ही तिच्या अनेक गुणांच्या किमतींचा समुच्चय असते. शाळा, रुग्णालय, रेल्वे स्थानक यांचे सान्निध्य किंमत वाढवते; दुर्गंधी, पूर आणि असुरक्षितता ती घटवते. मात्र हे समीकरण माहिती पूर्ण असेल तरच बरोबर उतरते. पुराची आठवण पुसट झाली की किंमत पुन्हा वाढते. जोखीम मात्र तेवढीच राहते.

किमतीची पडताळणी तीन मार्गांनी करता येते. पहिला मार्ग म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेले दर. महाराष्ट्रात त्यांना रेडी रेकनर, गुजरातेत जंत्री, दिल्ली व उत्तर प्रदेशात सर्कल रेट, तर कर्नाटकात गायडन्स व्हॅल्यू म्हणतात. हा दर शुल्क आकारणीचा आधार असतो, बाजारभावाचा दाखला नव्हे. दुसरा मार्ग म्हणजे नोंदलेल्या अलीकडील विक्री व्यवहारांतील रकमा. राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा ‘रेसिडेक्स’ हा निर्देशांक २००७ मध्ये पाच शहरांपासून सुरू झाला आणि २०१८ मध्ये ५० शहरांसाठी नव्या स्वरूपात प्रसिद्ध झाला. तो शहराचा कल दाखवतो. तिसरा आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक मार्ग म्हणजे भाडे. ६० लाख रुपयांच्या घराचे मासिक भाडे १५ हजार असेल तर वार्षिक परतावा ३ टक्के होतो. भाडेकरू आजच्या सोयींचे पैसे देतो. खरेदीदार उद्याच्या अपेक्षांचेही देतो. या दोहोंतील तफावत जितकी मोठी, तितका किमतीतील अपेक्षांचा वाटा मोठा. म्हणूनच ‘प्रस्तावित’ मेट्रो, ‘निविदा निघालेली’ मेट्रो आणि ‘धावती’ मेट्रो यांत भेद करणे आवश्यक आहे.

गृहकर्ज मंजूर झाले म्हणजे घर निर्धोक आहे, हाही गैरसमज होय. बँकेची कायदेशीर व तांत्रिक छाननी ही बँकेच्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जात मूल्याच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. मूल्य घसरल्यास पहिला फटका घेणाऱ्याच्या स्वतःच्या पैशाला बसतो.

घर घेण्यापूर्वीची पडताळणी

१. नोंदणी कार्यालयातील सूची व बोजा प्रमाणपत्र. जमिनीचा अभिलेख – महाराष्ट्रात सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, उत्तर प्रदेशात खतौनी, बिहारमध्ये जमाबंदी, तामिळनाडूत पट्टा.
२. रेरा नोंदणी क्रमांक, मंजूर आराखडा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र.
३. झोन दाखला, आरक्षणे, नियोजित रस्ते आणि प्रलंबित न्यायालयीन दावे.
४. पूररेषा, नाला, उतार, भूकंपक्षेत्र आणि इमारतीची संरचना.
५. पाण्याचा स्रोत, मलनिस्सारण आणि अग्निशमन वाहन आत येण्याइतका रुंद रस्ता.
६. जवळचे उद्योग, कचराभूमी, हवा व आवाज.
७. पावसाळ्यात, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी अशा किमान तीन भेटी.

निवड नसलेल्यांचे काय?

ही पडताळणी करूनही एक मूलभूत प्रश्न उरतो. धोक्याची जागा स्वस्त असते आणि स्वस्त जागाच अल्प उत्पन्न गटाच्या आवाक्यात असते. नाल्याकाठी किंवा डोंगरउतारावर घर घेणारे कुटुंब नेहमीच अज्ञानी असते असे नाही. अनेकदा त्याच्यापुढे दुसरा पर्याय नसतो. म्हणून परिसराची पारख हा केवळ ग्राहकाच्या जागरूकतेचा विषय नसून परवडणाऱ्या सुरक्षित घरांच्या पुरवठ्याचा आणि स्थानिक संस्थांच्या कार्यक्षमतेचाही विषय आहे.

माहितीबाबतही तसेच आहे. पूररेषा जलसंपदा विभागाकडे, आरक्षणे नियोजन प्राधिकरणाकडे, बोजे नोंदणी कार्यालयात, प्रदूषणाचे आकडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि गुन्ह्यांच्या नोंदी पोलिसांकडे अशी ती विखुरलेली आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमाने अभिलेखांचे संगणकीकरण पुढे नेले. याच धर्तीवर धोक्याचे नकाशे, आरक्षणे आणि पर्यावरणीय नोंदी भूखंडाच्या क्रमांकाशी जोडल्या गेल्या, तर खरेदीखतावर सही करण्यापूर्वी सामान्य नागरिकाला त्या एका ठिकाणी वाचता येतील. जोशीमठचा इशारा आणि मरडूचा नियम हे दोन्ही कागदावर होतेच. ते घर घेणाऱ्याच्या हाती वेळेवर पोहोचवणे, हे आता प्रशासनापुढील काम आहे. तोपर्यंत प्रत्येक खरेदीदाराने घराचा दरवाजा उघडण्यापूर्वी परिसराच्या नोंदी उघडणे हेच हिताचे ठरेल.